होंगेपासून तिसरी जागा

आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. पुण्या-मुंबईकडच्या मराठी माणसाला हे सांगितलं की तो आधी माझ्या कपाळाकडं बघतो, मग आडनाव विचारतो, आणि तरीही त्याचं समाधान होत नाही. हिंदू असून पुरता? हो, पुरतो. आमची मंडळी बंगळूरला येऊन तीन-चार शतकं झाली, वाटेत कुणाकडून काय उचललं आणि काय टाकलं ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. घरात बोलायचं मराठीत, लिहायचं कानडी अक्षरात. माणूस गेला की अंगाला विभूती, खड्ड्यात मीठ आणि बेलाची पानं, आणि तिसऱ्या दिवशी मातीवर दूध आणि तूप. त्याला आम्ही हालु-तुप्प म्हणतो. मराठीत म्हटलं तर आमच्या गेलेल्यांना कळायचं नाही.

आमच्या समाजाची रुद्रभूमी जुन्या पेठेच्या बाहेर आहे. रुद्रभूमी म्हणजे स्मशानच, फाटकावर तसं लिहिलंय. माझ्या लहानपणी तिच्या मागं तळं होतं. आता एका बाजूला मेट्रोचे खांब आणि दुसऱ्या बाजूला अकरा मजल्यांचं अपार्टमेंट. त्या अपार्टमेंटच्या जाहिरातीत आमच्या बाजूच्या फ्लॅटना 'गार्डन व्ह्यू' म्हटलं होतं. खोटं तरी कसं म्हणू? पांढरी कण्हेर आहे, तुळशी आहेत आणि अगदी मागच्या कोपऱ्यात होंगेचं जुनं झाड आहे. होंगे म्हणजे तुमचा करंज. त्या होंगेपासून तिसरी जागा माझ्या आईची.

'जागा' हाच आमचा शब्द. समाधी म्हणावं तर आई काही संत नव्हती, आणि थडगं म्हणवत नाही.

फाटकातून शिरल्या शिरल्या दिसतात ते मोठे लोक. त्यांच्यावर काळ्या दगडाचे चौथरे आहेत, नावं कोरलेली आहेत. पहिला पैलवान. त्याच्या गरडीत, म्हणजे तालमीत, अर्ध्या पेठेनं लंगोट कसले. त्याच्या शेजारी बँडमास्तर, ज्याच्या क्लॅरिनेटशिवाय आमच्यात कुणी बोहल्यावर चढत नसे. मग राजवाड्यातले कोट शिवणारा शिंपी. त्यानं महाराजांच्या खांद्याचं माप घेतलं एवढ्यावर त्याच्या तीन पिढ्या ताठ मानेनं जगल्या. तुरुंगात जाऊन आलेले एक मास्तर. गल्लीत पहिला नळ आणणारा नगरसेवक. लहानपणी वडील मला पितृपक्षात इथं घेऊन यायचे. मुलगी म्हणून फाटकाच्या आत यायची परवानगी नव्हती, तेव्हा मी फाटकाचे गज धरून उभी राहायची आणि तिथून दिसतील तेवढी नावं वाचायची. कानडी मी अशी शिकले.

वडील पुढं कामासाठी बाहेरगावी गेले आणि तिकडंच वारले, त्यांची माती तिकडंच झाली. मागं आई, मी आणि धाकटा भाऊ.

आई काय करायची ते सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच येऊन थांबतं. आमच्यात बाई गेली की तिला शेवटची आंघोळ बाईनंच घालायची. घरातल्या बायका रडत असतात, घाबरलेल्या असतात, कुणाचा हात धजत नाही. मग कुणीतरी आमच्या दारात येऊन नुसतं उभं राहायचं. काही बोलायचं नाही. आई चुलीवरचं खाली उतरवायची, परसातल्या धुण्याच्या दगडाखाली पालथा घातलेला तांब्या उचलायची आणि निघायची. तांब्या तांब्याचाच होता, काठाखाली अंगठा बसेल एवढा पोचा आलेला. त्या कामाशिवाय तो कशालाही वापरायचा नाही, आणि घरात आणायचा नाही.

मी थोडी मोठी झाल्यावर दोन-चार वेळा तिच्याबरोबर गेले. पाणी कोमट आहे का ते ती कोपरानं बघायची, बाळाच्या आंघोळीचं बघतात तसं. "मेलेल्याला काय कळतं, आई?" मी एकदा विचारलं. "तुला काय ठाऊक, कळतं की नाही ते?" ती म्हणाली. आंघोळ घालताना ती गेलेल्या बाईशी बोलायची. चल गं, हात वर कर. मान इकडं कर स्वल्प. झालं, झालं, आता केस. रडणाऱ्या सुना ते ऐकून हळूहळू गप्प व्हायच्या आणि मग एखादी पुढं येऊन म्हणायची, साडी मी नेसवू का? आईला तेवढंच हवं असायचं. त्या रुद्रभूमीत तीसेक वर्षांत जेवढ्या बायका गेल्या, त्यातल्या बहुतेक सगळ्या माझ्या आईच्या हातून गेल्या. तिनं स्वतः मात्र फाटकाच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. पहिल्यांदा आत गेली ती खांद्यावरून.

या कामाचे आभार कुणी मानत नाही. एक तर विधवा, त्यात हे हात. लग्नात तिला म्हणायचे, "आत बसा अक्का, आत गर्दी कमी आहे." आत म्हणजे कोठीच्या खोलीत, तांदळाच्या पोत्यांजवळ. मला राग यायचा, अजून येतो. आईला येत नसे, निदान दाखवत नसे. तिची एकच मैत्रीण होती, शेजारच्या घरातली दोड्डम्मा. दोड्डम्मा म्हणजे कानडीत थोरली आई. सगळी गल्ली तिला तेच म्हणायची. आईबरोबर ती पाण्याची घागर धरायला जायची. आई गेली तेव्हा तिला आंघोळ दोड्डम्मानं घातली, घागर मी धरली. आईनं आधीच सांगून ठेवलं होतं, तांब्या माझ्याबरोबर घाला, घरात ठेवू नका. तो तिच्या उशाशी घातला.

तिच्या जागेवर नावाचा दगड नाही. बायकांच्या जागेवर नाव कोरायची आमच्यात पद्धत नव्हती, अमक्याची बायको, तमक्याची आई म्हणून लोक ओळखत. मी एक ओबडधोबड धोंडा ठेवला, शेजारी कण्हेर लावली आणि दरवर्षी तिथं जाऊन पाणी घालत आले. आई गेली तोवर बायकांनी आत जायला कुणी हरकत घेत नव्हतं. पेठेतलं घर विकून मी के. आर. पुरमला फ्लॅटमध्ये राहायला गेले तेव्हा तिथून येणं लांब पडायला लागलं, दोन गाड्या बदलाव्या लागत, पण वर्षातून एकदा येत होते. मी लग्न केलं नाही. मनात असं धरून चालले होते की मी गेले की मलाही तिच्याच शेजारी कुठंतरी टाकतील. एवढीच माझी अपेक्षा होती, ती कुणाला सांगायची वेळ आली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी समाजाच्या अध्यक्षांचा फोन आला. त्यांचं पेठेत भांड्यांचं दुकान आहे, माणूस मऊ बोलणारा. "अक्का, रुद्रभूमीत भिंत बांधतोय. समाजातल्या मोठ्या लोकांची नावं लिहायची आहेत. कोण कुठं आहे, कुणी काय केलं, सगळी यादी तुम्ही करून द्या. कानडी आणि मराठी दोन्ही. नागरी लिहिणारं तुमच्याशिवाय कोण आहे आता?"

खरं होतं. मी एका ऑफिसच्या रेकॉर्ड सेक्शनमध्ये तेहतीस वर्षं काढली. फायलीत एक नाव राहिलं तर मी जेवायला उठत नसे. मी हुरळले, हे कबूल करते. चार महिने उन्हातान्हात दगडांवरचं शेवाळ खरवडलं. म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन विचारलं. बँडमास्तरच्या नातवानं मला तासभर क्लॅरिनेटची पेटी उघडून दाखवली, आत क्लॅरिनेट नव्हतं. शिंप्याच्या घरच्यांनी महाराजांच्या खांद्याची रुंदी इंचात सांगितली. एकवीस नावं झाली. वीस पुरुष आणि एक बाई, तीही छत्र बांधून देणाऱ्या सावकाराची बायको म्हणून.

छत्र म्हणजे आमच्या समाजाचं कार्यालय.

माझी भाची सर्जापूर रोडला राहते, माझ्या भावाची मुलगी, पुण्यात वाढलेली, आयटीतली. तिनं ती यादी कॉम्प्युटरवर टाइप करून दिली. करता करता थांबून म्हणाली, "आत्या, यात आजी नाहीये."

"नाही."

"का? तू मला केवढं सांगितलंयस तिच्याबद्दल. ॲक्च्युअली या सगळ्यांपेक्षा तिचंच काम जास्त इम्पॉर्टंट वाटतं मला. मी ॲड करू? बाविसावं."

"आपल्या घरातलं नाव आपण घालायचं नसतं."

"मग कोण घालणार?"

मी तिला आमची रीत सांगितली. छत्रात कुणाचा सत्कार असो, कुणाची आठवण काढायची असो, जो यादी वाचतो तो आपल्या घरातलं नाव वाचत नाही. शेवटी कागद खाली करून थांबतो. मग बसलेल्यांतून कुणीतरी उठतं आणि म्हणतं, "एक नाव राहिलं." वाचणारा दचकल्यासारखं करतो, "हो की, राहिलंच," आणि ते नाव उठलेला माणूस घेतो. राहिलेलं नसतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण आपल्या माणसाचं मोठेपण दुसऱ्याच्या तोंडून आलं तरच ते मोठेपण, नाहीतर मागून घेतलेलं. मी लहानपणापासून हे बघत आलेय आणि मला ते फार आवडायचं. आमच्या लोकांत खानदानी म्हणावं असं जे काही आहे ते एवढंच, असं मी भाचीला म्हणाले.

"पण समजा कुणी उठलंच नाही तर?"

"उठतं कुणीतरी," मी म्हणाले.

रविवारी छत्रात मीटिंग झाली. उप्पीट आणि काफी. चाळीसेक माणसं, बहुतेक साठीच्या पुढची. त्यातल्या निम्म्यांच्या आईला, सासूला, थोरल्या बहिणीला माझ्या आईनं शेवटची आंघोळ घातलेली, हे मी समोर उभी राहून मोजू शकत होते. मी एकेक नाव वाचलं, प्रत्येकाबद्दल दोन ओळी. माणसं माना डोलावत होती. पैलवानाच्या नावाला टाळ्या पडल्या. एकविसावं नाव झालं आणि मी कागद खाली केला.

थांबले.

पंखा फिरत होता. मागं कुणीतरी खोकलं. पहिल्या रांगेतल्या एका अण्णांनी माझ्याकडं पाहिलं आणि मला वाटलं, आता उठतील. त्यांच्या आईच्या वेळी मी स्वतः तांब्या धरून दारात उभी होते. त्यांनी चष्मा काढून पुसला. मी अजून थोडं थांबले, वाजवीपेक्षा जास्त, इतकं की अध्यक्षांना वाटलं मला पाणी हवंय. त्यांनी ग्लास पुढं केला. मी पाणी प्यायले आणि खाली बसले.

दोड्डम्मा असती तर उठली असती. तिचं महिनाभरापूर्वी पडून खुब्याचं हाड मोडलं होतं, ती घरी खाटेवर होती. बाकीच्यांना आई आठवली नसेल असं मी म्हणत नाही. आठवली असणार, आणि म्हणूनच गप्प बसले असणार. ती आठवली की मागची सगळी प्रेतं आठवतात. शुभ प्रसंगी तिचं नाव कसं घ्यायचं?

मग अध्यक्ष उठले आणि त्यांनी जे सांगितलं ते मला फोनवर सांगितलेलं नव्हतं. रुद्रभूमीत जागा संपली होती. नवी जागा शहराबाहेर, तीही मिळेल तेव्हा. तेव्हा समितीचा ठराव असा की दगडावर नाव असलेल्या आणि आजच्या यादीत असलेल्या जागांना हात लावायचा नाही. बाकीच्या जुन्या जागा लागतील तशा उघडून पुन्हा वापरायच्या. "अक्कांनी इतकी मेहनत घेऊन यादी केली म्हणून हे सोपं झालं," असं म्हणून त्यांनी माझ्याकडं पाहून हात जोडले. सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. का केला? सगळ्यांनी केला म्हणून. हात वर असतानाच मला होंगेपासून तिसरी जागा आठवली, पण हात खाली घेतला नाही.

त्याच वेळी एक वाक्य बोलायचं होतं. अण्णा, माझ्या आईची जागा तेवढी राहू द्या. अध्यक्ष नाही म्हणणारा माणूस नव्हे. पण ते वाक्य मी कसं बोलणार होते? चाळीस माणसांनी जिचं नाव घेतलं नाही, तिच्यासाठी मी तोंड वेंगाडायचं? आईला कोठीत बसवलं तेव्हा ती पोत्यांजवळ पाठ ताठ ठेवून बसायची, तेच माझ्यात उतरलंय. त्याला मी स्वाभिमान म्हणत होते. काफी पिऊन घरी आले.

भाचीनं विचारलं तेव्हा मी म्हणाले, पुढच्या मीटिंगला होईल. ती म्हणाली, "आत्या, प्लीज, एक मेसेज टाक ना त्यांना. फोनमध्ये नंबर आहे. टू मिनिट्सचं काम आहे." मी तिच्यावर चिडले. तुम्हा लोकांना रीत म्हणजे काय ते ठाऊक नाही, असं काहीतरी बोलले. त्या मुलीला मी रागावले आणि ती एकटीच बरोबर होती.

आठवड्यानं मी दोड्डम्माकडं गेले. खाटेवर ती एवढीशी झाली होती, पण आवाज तोच. सगळं सांगितलं. तिनं डोळे मिटून ऐकलं, मग म्हणाली, "एक नाव राहिलं म्हणायला कुणाची जीभ उचलली नाही होय? सरी, ठीक आहे. मी म्हणते. पुढच्या मीटिंगला मला धरून ने, खुर्चीत बसवून ने. मी उठून म्हणते."

"उठता येईल तुला?"

"तिच्यासाठी उठते."

मी तिचा हात धरून बसले. मला इतकं हलकं वाटलं की येताना मी बसमधून एक स्टॉप पुढं गेले. पुढची मीटिंग उगादीनंतर, म्हणजे तुमच्या पाडव्यानंतर होती. तोवर कुणी मरू नये, एवढंच मी देवाला म्हणत होते. म्हणजे कुणाची जागा उघडायची वेळ येऊ नये. म्हणताना मला कळत नव्हतं की मरायच्या वयाचं माझ्या ओळखीत कोण उरलंय.

उगादीच्या दहा दिवस आधी दोड्डम्मा हॉस्पिटलात गेली. खाटेवर पडून छातीत पाणी झालं होतं. एका सकाळी तिची सून फोनवर म्हणाली, अक्का, या.

व्हॅननं तिला घरी आणलं. हॉस्पिटलातून पांढऱ्या कापडात गुंडाळून दिलं होतं, पट्टीनं बांधून. सून म्हणाली, "त्यांनी पुसून दिलंय. आता विभूती लावू या, पुरे." मी म्हणाले, पुरे नाही. तिनं हयातभर दुसऱ्यांसाठी घागरी धरल्या, तिला असं पाठवायचं नाही. पण आंघोळ घालायची ठाऊक कुणाला होती? मलाच. आणि मी आयुष्यात कधी घातली नव्हती, फक्त बघितली होती.

न्हाणीघरात तांब्या नव्हता. कुणाच्याच घरात आता नसतो. निळा प्लास्टिकचा मग होता, गीझरचं पाणी होतं. पाणी कोपरानं पाहिलं. चल दोड्डम्मा, हात वर कर, मी म्हणाले, आणि माझा आवाज मला आईचा वाटला. सून दाराशी उभी होती. थोड्या वेळानं तीही आत आली आणि तिनं पाय धुतले. ती गोष्ट तेवढी नीट झाली. त्या सगळ्या वर्षात तेवढी एकच.

मग आम्ही रुद्रभूमीत गेलो. फाटकाजवळ नवी भिंत तयार होती, काळ्या दगडाची, एकवीस नावं, खाली माझ्या दोन-दोन ओळी. नागरीत एकही चूक नव्हती. पुढचे लोक मागच्या कोपऱ्याकडं वळले तेव्हा मला काही वाटलं नाही. होंगे दिसला तरी वाटलं नाही. मग मी मोजलं. पहिली जागा, दुसरी जागा, आणि तिसऱ्या जागी खड्डा होता. माझा धोंडा झाडाच्या बुंध्याला टेकवून ठेवला होता. कण्हेर मुळासकट उपटून बाजूला टाकली होती, तिला अजून फुलं होती.

खांद्यावर दोड्डम्मा होती. पुढं तिचा मुलगा होता, साठीचा माणूस, पोरासारखा रडत होता. चाळीस माणसं माझ्या मागं उभी होती, त्या दिवशी छत्रात होती तीच. ही माझ्या आईची जागा आहे, असं मी तेव्हा म्हणाले असते तर काय झालं असतं? प्रेत खाली ठेवून दुसरा खड्डा खणायला दोन-तीन तास. मुलाला ते बघत बसावं लागलं असतं. आणि खड्डा तर उघडून झालाच होता. मी दुसऱ्यांदा गप्प बसले. या वेळी स्वाभिमानानं नव्हे, नुसती हरले म्हणून.

मीठ टाकलं, बेल टाकला. दोड्डम्माला खाली ठेवलं. बायकांची पाळी आली तेव्हा मी मूठभर माती घेतली. ती ओली होती, काळसर, हातात धरवत नव्हती. एकाच खड्ड्यावर मी दुसऱ्यांदा माती टाकत होते.

माणसं पांगल्यावर अध्यक्ष माझ्याजवळ आले. मला वाटतं, माझं तोंड बघून त्यांना काहीतरी लक्षात आलं. "अक्का, ही कुणाची जागा होती?"

"माझ्या आईची."

त्यांचा चेहरा उतरला. तो ढोंगी माणूस नव्हे. "अय्यो. तुम्ही सांगायचं होतं, अक्का. एक शब्द सांगितला असता तर मी कशाला हात लावू दिला असता? माझ्या आजीला त्यांनीच तर..." त्यांना आई आठवत होती. आजी आठवत होती. तरी ते त्या दिवशी उठले नव्हते, आणि मी तरी कुठं बोलले होते?

रुद्रभूमीची राखण करणारा एक कानडी म्हातारा आहे, खणायचं कामही तोच करतो. आमचं बोलणं त्यानं ऐकलं असावं, मी फाटकाशी आले तेव्हा तो मागून आला. "अम्मा, खाली जे मिळालं ते खालीच ठेवलंय, एका बाजूला," तो कानडीत म्हणाला. "हे तेवढं वर आलं. आत परत टाकायच्या आधी लोक आले." त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं. वजनावरून कळलं. हिरवा पडला होता, आत माती भरलेली, काठाखाली अंगठा बसेल एवढा पोचा. मी अंगठा ठेवून पाहिला. बसला.

तासभर आधी मिळाला असता तर दोड्डम्माला त्यानं आंघोळ घातली असती. अर्धा तास आधी मिळाला असता तर तिच्या उशाशी घातला असता, दोघींच्या मधे.

भाची आली होती, तिनं मला गाडीतून घरी सोडलं. वाटेत ती एकदाही 'मी सांगत होते ना' असं म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं. उगादीनंतरची मीटिंग झाली, मी गेले नाही. अध्यक्षांनी भिंतीवर बाविसावं नाव घालू या म्हणून दोनदा फोन केला. जागाच नाही, तर नाव कुणाचं घालायचं, असं मी विचारलं. तिसऱ्यांदा फोन आला नाही.

तांब्या माझ्याकडं आहे. घरात ठेवायचा नाही म्हणून आई सांगून गेली होती, आणि फ्लॅटला परस नाही, धुण्याचा दगड नाही. बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या मागं पालथा घालून ठेवलाय. माझ्याबरोबर तो घालायला हवा, हे भाचीला सांगायचंय. ती लगेच हो म्हणेल, फोनमध्ये लिहूनही ठेवेल. पण मग ती विचारणार, आत्या, तुला ठेवायचं कुठं?